मार्चिंग बँडमध्ये मेलोफोन वाजवण्यात एवढे काय आहे?

जास्वंदी
नमस्कार. आम्ही गेली १८ वर्षे इलिनॉयमध्ये राहतो. थोरली मुलगी येत्या ऑगस्टमध्ये एका राज्य विद्यापीठात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला जाईल. पाचवीपासून ती फ्रेंच हॉर्न वाजवते. आठ वर्षांच्या शिकवण्या, वाद्याचे हप्ते, थंडीत गाडीत बसून तिची शिकवणी संपण्याची पाहिलेली वाट, हे सारे झाल्यावर आता ती म्हणते की कॉलेजात ऑर्केस्ट्राची चाचणी द्यायची नाही, अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांत मैदानावर चालत वाजवणाऱ्या मार्चिंग बँडमध्ये जायचे आणि तिथे मेलोफोन वाजवायचा. हे वाद्य मी प्रथम पाहिले तेव्हा कुणीतरी ट्रंपेटमध्ये हवा भरून ते फुगवले असावे असे वाटले. मुख्य चाल ट्रंपेटकडे, दणका ड्रमकडे, लोकांच्या नजरा अंगाभोवती वेटोळे घालणाऱ्या प्रचंड सुझाफोनकडे. मग मधल्या या वाद्यात नेमके काय ठेवले आहे, ते मला समजत नाही. परवानगी द्यावी की नाही हा प्रश्नच नाही, कारण तिने विचारलेले नाही, कळवले आहे. ज्यांनी स्वतः हे वाद्य वाजवले आहे किंवा ज्यांच्या मुलांनी वाजवले आहे, त्यांनी यातली ओढ मला उलगडून सांगावी.

पावशेर
"विचारलेले नाही, कळवले आहे" हे वाक्य आमच्या घरातही हल्लीच ऐकले आहे. चहा घेऊन बसलो आहे, पुढचे प्रतिसाद येऊ द्या.

खर्ज
आधी तांत्रिक बाजू सांगतो, कारण "हॉर्न असताना मेलोफोन कशाला" याचे उत्तर तिच्यात आहे. फ्रेंच हॉर्नचे रुंद तोंड, ज्याला बेल म्हणतात, ते मागे वळलेले असते आणि वादकाचा उजवा हात त्यात असतो. सभागृहात मागच्या भिंतीवरून परतून येणारा तो आवाज मखमली लागतो, पण मैदानावर मागे भिंत नसते आणि आवाज प्रेक्षकांकडे पाठ करून निघून जातो. मेलोफोनची बेल सरळ समोर असते.

दुसरे कारण नळीच्या लांबीचे आहे. एफ सुरातल्या हॉर्नची नळी उलगडली तर साधारण १२ फूट भरते, मेलोफोनची जवळपास निम्मी. लांब नळीत नैसर्गिक स्वर, म्हणजे कळ न दाबता नुसत्या ओठांच्या ताणाने निघणारे स्वर, वरच्या पट्टीत एकमेकांना इतके खेटून असतात की ओठांचा ताण किंचित हलला तरी शेजारचा स्वर निघतो. लिहिलेला मधला सी हा हॉर्नवर चौथा नैसर्गिक स्वर आहे आणि मेलोफोनवर दुसरा, म्हणजे मेलोफोनवर स्वरांमध्ये मोकळी जागा अधिक आहे. खुर्चीत बसून हॉर्न वाजवणाऱ्याचा स्वर निसटतो, तर पावलागणिक हादरे खात चालणाऱ्याचे काय होत असेल याची कल्पना करा. तेव्हा आपली मुलगी हॉर्न सोडते आहे असे समजू नये. हॉर्नच्या भावंडांतले जे मैदानासाठी घडवले, ते ती उचलते आहे.

तिसरी_घंटा
मी मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात चार वर्षे मेलोफोन वाजवला, आणि मीसुद्धा जास्वंदीताईंच्या मुलीसारखीच हॉर्नवरून आले होते. अंग दुखणे सोडले तर पहिल्या आठवड्यातले मला सर्वांत स्पष्ट आठवते ते बोटांचे गोंधळणे. हॉर्नचे व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, डाव्या हाताने चालवायचे असतात आणि मेलोफोनचे उजव्या. लिहिलेल्या स्वरांची नावे तीच राहतात, पण बोटे ट्रंपेटची लागतात. स्वरलेखनाच्या पाच रेषांपैकी सर्वांत खालच्या रेषेवरचा ई एफ सुरातल्या हॉर्नवर एकही व्हॉल्व्ह न दाबता निघतो, तोच मेलोफोनवर पहिला आणि दुसरा दाबून काढायचा. त्याखालचा डी पहिल्या आणि तिसऱ्याने निघतो, आणि तो हमखास चढा लागतो. म्हणून डाव्या हाताचे बोट तिसऱ्या स्लाइडच्या कडीत अडकवून, त्या स्वरापुरती ती नळी बाहेर ढकलायची आणि लगेच आत ओढायची. हे सारे चालताना करायचे. सात वर्षांच्या सवयीने माझा डावा हात बँडच्या सराव-कॅम्पच्या तिसऱ्या दिवसापर्यंत हवेतच व्हॉल्व्ह दाबत होता.

आता ओढीबद्दल. ऑर्केस्ट्रातल्या हॉर्नला सोलो मिळतो, पण तो मिळण्याआधी ९० मात्रा मोजत गप्प बसावे लागते. मेलोफोनला गप्प बसणे फारसे ठाऊक नाही. ट्रंपेट मुख्य चाल धरतात तेव्हा तिच्या खालून दुसरी चाल चढत येते, तिला काउंटरमेलडी म्हणतात, आणि ती बहुतेक वेळा आमच्याकडे असते. वरच्या चालीचा श्वास जिथे संपतो तिथे आमची चाल हलू लागते. प्रेक्षकांपैकी शंभरातल्या ९८ जणांना ती वेगळी ऐकू येत नाही. मात्र एके दिवशी आमचा सेक्शन, म्हणजे मेलोफोनवाल्यांचा गट, निम्मा आजारी होता आणि सराव आम्हा आजाऱ्यांविना झाला, तेव्हा बँडचे संचालक दोनदा थांबून म्हणाले की आज काहीतरी पोकळ वाटते आहे. तो दिवस मी खोलीत पडून होते, आणि मैत्रिणीने हे सांगितल्यावर तापातही मला फार बरे वाटले.

कट्ट्यावरचा_काका
म्हणजे झीलकरीच की! शाहीर पोवाडा उचलतो, टाळ्या शाहिराला पडतात, पण मागचे झीलकरी "जी जी रं जी" म्हणायला नसतील तर शाहिराचा दम तिसऱ्या कडव्यात जाईल. पुण्यात गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव चालतात, तिथेही दिवसभर संगणकासमोर बसणारी मुले संध्याकाळी कमरेला ढोल बांधतात आणि कुणी त्यांना "यात एवढे काय आहे" असे विचारत नाही. जास्वंदीताई, मुलीला तिकडे पथक मिळाले असे समजा.

तिसरी_घंटा
काका, घामापुरती आणि मैत्रीपुरती तुलना पटली. झीलकऱ्याबाबत मात्र थोडी दुरुस्ती करते. झीलकरी शाहिराचे शब्द उचलून धरतो. काउंटरमेलडी मुख्य चालीशी वाद घालते आणि शेवटी तिच्याशी जुळवून घेते. जुन्या कवायतीच्या चालींमध्ये मात्र आमच्या वाद्याचे काम अगदी झीलकऱ्याचे असे. सुझाफोन ठोका देणार आणि आम्ही दोन ठोक्यांच्या मधे "पा, पा" करत राहणार. तसली पाने समोर आली की आमच्या सेक्शनमध्ये सामूहिक उसासा निघत असे.

उंबरठा
मी गेली अनेक वर्षे शाळकरी मुलांना हॉर्न शिकवतो, तेव्हा विरोधी सूर लावणे माझ्याकडे आले. मेलोफोन हे तडजोडीचे वाद्य आहे आणि ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. त्याचे सूर स्वभावतःच डळमळीत असतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅन केंटन यांनी त्यांच्या जाझ ऑर्केस्ट्रात चार मेलोफोनियम घेतले होते, म्हणजे याच घराण्यातले पुढे तोंड केलेले वाद्य. त्याचा आवाज लोकांना आवडला, पण त्या वाद्याला सुरात ठेवताना वादकांची दमछाक झाली आणि १९६३नंतर तो सेक्शन उरला नाही.

माझी खरी काळजी ओठांची आहे. हॉर्नचा माउथपीस अरुंद कडेचा आणि नरसाळ्यासारखा खोल असतो, आणि तो साधारण दोन तृतीयांश वरच्या ओठावर व एक तृतीयांश खालच्या ओठावर ठेवायला आम्ही शिकवतो. मेलोफोनचा माउथपीस ट्रंपेटच्या वळणाचा, वाटीसारखा असतो आणि त्याची बैठक निराळी असते. त्यावर मैदानी जोराने चार महिने वाजवून मूल परत आले की त्याचा हळुवार, खालचा आवाज हरवलेला असतो. काही जण जोडनळी लावून हॉर्नचाच माउथपीस मेलोफोनवर बसवतात. त्याने ओठ वाचतात, पण आवाज बोथट होतो आणि आधीच डळमळीत असलेले सूर आणखी घसरतात. माझ्या दोन चांगल्या विद्यार्थ्यांनी पहिल्या हंगामानंतर हॉर्न बंद केला, आणि त्याचे मला अजून वाईट वाटते.

खर्ज
उंबरठा यांच्या मुद्द्याचा मान राखून एक भर घालतो. आजचा मेलोफोन तेव्हाचा राहिलेला नाही. ड्रम कोअरच्या, म्हणजे फक्त पितळी वाद्ये आणि ताल असलेल्या पथकांच्या, स्पर्धांमध्ये १९९९च्या हंगामापर्यंत 'जी' (G) सुरातल्या ब्यूगलची सक्ती होती. ती उठल्यावर तिथल्या वादकांच्या हातीही एफ सुरातला मेलोफोन आला. एवढ्या कडक परीक्षकांपुढे कामगिरी करायची म्हटल्यावर सुरांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. डी अजून चढाच लागतो, हे मात्र खरे.

बेलफळ
कोलंबसला राहतो, म्हणून ओहायो स्टेटच्या बँडबद्दल बोलायचा हक्क बजावतो. १९३४पासून त्या बँडमध्ये लाकडी सुषिर वाद्ये नाहीत, केवळ पितळ आणि ताल. १९३६पासून ते मैदानावर चालत चालत जोडून लिहिलेल्या इंग्रजी अक्षरांच्या वळणाने 'ओहायो' हा शब्द लिहितात, आणि त्यातल्या आय या अक्षरावर टिंब देण्याचा मान सुझाफोनवाल्याचा असतो. मेलोफोनवाल्याच्या नशिबी टिंब नाही, तो अक्षराच्या पोटात कुठेतरी असतो. आमच्या शेजारच्या मुलाने तीन वर्षे तशी काढली आणि तो अजून घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चित्रफीत लावून "हा मी" म्हणून एक ठिपका दाखवतो. पाहुण्यांना तो ठिपका कधीच सापडत नाही.

सांडगी_मिरची
सगळे गोड गोड चालले आहे म्हणून तिखट लिहिते. माझा मुलगाही अभियांत्रिकीचा. आठवड्यातून चार दिवस दोन-दोन तास सराव, शनिवारी सामना असेल तर पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस गेला, आणि परगावचा सामना असला तर बसमध्ये रविवारची पहाट. या सगळ्याचे मिळते काय, तर एक क्रेडिट. पहिल्या सत्रात कॅल्क्युलसमध्ये त्याची दांडी उडता उडता राहिली. विद्यापीठाच्या सल्लागाराने बँडबद्दल आधी एक शब्द विचारला नव्हता आणि नंतर मात्र सारा दोष बँडवर टाकला. दुसऱ्या वर्षी मुलाने बँड सोडला नाही, फक्त एक विषय उन्हाळ्यात घेतला. जास्वंदीताई, तुम्हीही पहिल्या सत्रात मुलीला पाच अवघड विषय एकदम घेऊ देऊ नका, एवढेच माझे सांगणे आहे.

जास्वंदी
सांडगी_मिरची, हे फार उपयोगी पडले. आजच तिच्याशी बोलून रसायनशास्त्र वसंत सत्रावर ढकलले. उंबरठा, आपला प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आई, हे सर बरोबर आहेत, पण मला हळू वाजवायचा कंटाळा आला आहे." यावर काय बोलावे ते मला सुचले नाही.

उंबरठा
मुलीने एका वाक्यात उत्तर दिले आहे. हॉर्नच्या मुलांना आम्ही वर्षानुवर्षे "कमी, अजून कमी" असेच सांगत असतो, हे मला नाकारता येत नाही.

दूर्वांकुर
मी फ्लोरिडातल्या टॅलहासीमध्ये पीएचडी केली, म्हणून चर्चेत अजून न आलेली एक बाजू मांडतो. मुळात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठांच्या बँडची परंपरा मिडवेस्टपेक्षा पार वेगळी आहे. टॅलहासीतल्याच फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाचा 'मार्चिंग १००' हा बँड विल्यम फॉस्टर यांनी १९४६मध्ये उभा केला. नावात १०० असले तरी प्रत्यक्षात वादक त्याहून कितीतरी जास्त असतात. गुडघा कमरेपर्यंत उचलून चालणे, मधेच थांबून अख्ख्या रांगेने नाचणे, आणि तेवढ्यात वाद्य खाली न येऊ देणे, ही त्यांची शैली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला, १४ जुलै १९८९ रोजी, पॅरिसच्या संचलनात अमेरिकेतून याच बँडला बोलावले होते. मी भाड्याने राहत होतो तिथून त्यांचा सराव ऐकू येत असे. संध्याकाळी सात वाजता सूर्य मावळतीला, डासांचा थवा, आणि एकच आठ मात्रांचा तुकडा पंधरा वेळा. नवव्या वेळेला मला त्रास व्हायचा आणि बाराव्या वेळेला मी खिडकी उघडायचो, कारण तोवर मधले आवाज एकमेकांत बसलेले असत. ते मधले आवाज कोणत्या वाद्याचे, हे मला या धाग्यावर कळले.

पावशेर
एक बाळबोध शंका. मैदान एवढे मोठे, बँड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेला. मग सगळे एका तालात राहतात तरी कसे?

खर्ज
शंका अजिबात बाळबोध नाही. मैदानाची खेळाची लांबी १०० यार्ड. समजा दोन वादक ६० यार्ड, म्हणजे सुमारे ५५ मीटर अंतरावर आहेत. आवाजाला ते अंतर कापायला ०.१६ सेकंद लागतात. मिनिटाला १६० ठोक्यांची लय असेल तर एक ठोका ०.३७५ सेकंदांचा. म्हणजे पलीकडच्याचे ऐकून वाजवले तर तुम्ही जवळजवळ अर्धा ठोका मागे पडता, आणि तुमचे ऐकून तिसरा आणखी मागे. म्हणून नियम असा की समोरच्यांचे ऐकायचे नाही. पाय समोर उभ्या राहून ताल देणाऱ्या ड्रम मेजरच्या हातांबरोबर टाकायचे आणि कान मागून येणाऱ्या तालाकडे ठेवायचे, कारण मागचा आवाज तुमच्या आवाजाबरोबरच पुढे प्रेक्षकांकडे जातो.

तिसरी_घंटा
खर्ज यांनी गणित सांगितले, मी पायाचे सांगते. पाच यार्डांत आठ पावले, म्हणजे प्रत्येक पाऊल साडेबावीस इंचांचे, माझी उंची पाच फूट एक इंच असो की शेजारच्याची सहा फूट तीन. टाच आधी टेकवून पाऊल पुढे लोळवायचे, जेणेकरून कमरेच्या वरचा भाग पाण्यावर तरंगल्यासारखा स्थिर राहील आणि माउथपीस दातांवर आपटणार नाही. प्रत्येक आकृतीतली आपली जागा पाठ: पस्तीस यार्डांच्या रेषेबाहेर चार पावले, पुढच्या हॅशपुढे (मैदानाच्या लांबीला समांतर आखलेल्या छोट्या खुणांच्या ओळीपुढे) सहा. आम्ही ती चिमुकल्या वहीत लिहून गळ्यात अडकवत असू. घामाने माझी शाई पसरायची, म्हणून मी पेन्सिल वापरू लागले.

आणि एक गोष्ट राहिलीच. ट्रंपेटवाले ४० असतात, त्यांच्यात सतत कोण वरच्या सुरात जास्त वेळ टिकतो याची चढाओढ. आमच्याकडे चढाओढ करण्याजोगा सूरच नसे. त्यामुळे कुणी डी चढा वाजवला की शेजारचा डोळ्यांनी खूण करायचा आणि सगळे आपापल्या स्लाइडी ढकलायचे. मुख्य चाल नसलेल्या लोकांत एक प्रकारचा खोडकर शेजारधर्म असतो, आणि मला वाटते ओढ तिथे आहे. कॉलेज सोडून ११ वर्षे झाली, तरी त्या सेक्शनमधल्या चौघांशी माझे आठवड्याला बोलणे होते, आणि माझ्या वर्गातल्या एकाशीही नाही.

कट्ट्यावरचा_काका
मग झीलकरी नव्हे, तमाशातला सुरत्या म्हणू. तोही मागेच उभा असतो, पण नाच्यापेक्षा जास्त मजा तोच घेतो.

तिसरी_घंटा
सुरत्या मान्य आहे, काका.

जास्वंदी
धागा वर काढते आहे, क्षमस्व. सप्टेंबरातला पहिला घरचा सामना आम्ही पाहून आलो. मला फुटबॉल कळत नाही आणि तो कळावा अशी अपेक्षाही कुणी ठेवली नाही. हाफटाइमला बँड मैदानावर आला तेव्हा सगळ्यांचा पोशाख एक, टोप्या एक, तुरे एक, आणि मी दुर्बिणीतून माझी मुलगी शोधत राहिले. बेलफळ यांच्या पाहुण्यांसारखी माझी अवस्था झाली. मग ड्रम मेजरने हात वर नेला आणि सगळी वाद्ये एका झटक्यात तोंडाशी आली, त्यावेळी सूर्य आमच्या मागून होता आणि पुढे वळलेल्या त्या मधल्या रांगेतल्या बेल एकदम चमकल्या. तेव्हा मला रांग सापडली, मुलगी नाही.

ऐकण्याबद्दल सांगायचे तर पहिल्या दोन तुकड्यांत मला फक्त ट्रंपेट आणि ड्रम ऐकू आले. तिसऱ्या संथ तुकड्यात तिसरी_घंटा यांनी सांगितल्याप्रमाणे मी मुद्दाम वरची चाल सोडून दिली आणि तिच्या खाली काय चालले आहे तिकडे कान लावला. काही क्षण काहीच नव्हते. मग ट्रंपेटचा लांब स्वर उभा असताना त्याच्या खालून काहीतरी वर सरकताना ऐकू आले, चार स्वर असतील, फार तर पाच. शेजारी हे उठून शीतपेय आणायला निघाले होते, त्यांना मी मनगट धरून खाली बसवले.

सामना संपल्यावर ती भेटली तेव्हा गाल लाल, वरच्या ओठावर गोल वण, आणि आवाज बसलेला. मी म्हटले, तुमची ती चाल ऐकू आली मला, संथ गाण्यातली. तिने आधी माझ्याकडे संशयाने पाहिले आणि मग ती चाल गुणगुणून विचारले, "हीच का?" हीच होती.

सांडगी_मिरची
वाचून छान वाटले. आणि कॅल्क्युलस?

जास्वंदी
पहिल्या चाचणीत ८१. रसायनशास्त्र ढकलल्याबद्दल ती तुमचे आभार मानते, मी जरा जास्त मानते.

उंबरठा
अभिनंदन. एकच विचारतो, माउथपीस कोणता वापरते?

जास्वंदी
मेलोफोनचाच वापरते, जोडनळी नको म्हणाली. पण हॉर्नचा माउथपीस तिने सोबत नेला आहे. सरावाहून खोलीवर परतली की वाद्य न लावता त्या नुसत्या माउथपीसवर दहा मिनिटे ओठ गुंजवते, असे तिची खोलीतली मैत्रीण मला म्हणाली. आणि त्या मैत्रिणीला ते फारसे आवडत नाही असे दिसले.